अंगावरून पांढरे जाणे : जिवाणूंचे बिघडलेले संतुलन की बुरशीचा संसर्ग?

‘अंगावरून पांढरे जाते’ एवढ्या तीन शब्दांत तक्रार सांगून बहुतेक स्त्रिया थांबतात. त्या स्रावाला वास आहे का, खाज सुटते का, तो पातळ आहे की घट्ट, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि विचारणारेही पुष्कळदा विचारत नाहीत. या तीन शब्दांच्या आड मात्र दोन अगदी वेगळे विकार असू शकतात. एक बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनिमार्गातील जिवाणूंचे संतुलन बिघडणे, आणि दुसरा कँडिडा नावाच्या बुरशीचा संसर्ग. घरात आणि औषधाच्या दुकानात दोन्हींना ‘इन्फेक्शन’ हा एकच शब्द वापरला जातो आणि बहुधा एकच मलम हाती येते. त्यांचे मूळ, लक्षणे, कारणे आणि औषधे एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. इतकेच नव्हे, पहिल्याचे औषध घेतल्यामुळे दुसरा विकार उद्भवल्याची उदाहरणेही नेहमी दिसतात.

हे समजून घेण्यासाठी आधी निरोगी अवस्था पाहावी लागेल. वयात आल्यापासून रजोनिवृत्तीपर्यंत इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनिमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन साठते, आणि त्यातून मिळणाऱ्या शर्करांवर लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू वाढतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधाला विरजण लावल्यावर जी आंबट घडामोड होते, तिच्याच जातकुळीतली ही क्रिया आहे. त्यामुळे तेथील सामू, म्हणजे पीएच, साधारण ३.८ ते ४.५ इतका आम्लधर्मी राहतो आणि बाहेरच्या बहुतेक जिवाणूंना तेथे बस्तान बसवता येत नाही. आल्बर्ट ड्योडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९२ मध्ये या जिवाणूंचे वर्णन केले होते. अशा निरोगी स्थितीतही रोज थोडा स्राव असतोच; बीजोत्सर्गाच्या सुमारास तो अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा, तार सुटेल असा होतो. तो आजार नव्हे. पांढरे जाण्याने हाडे झिजतात किंवा अंगातील शक्ती निघून जाते ही समजूत अजून अनेक घरांत टिकून आहे. ती पूर्णपणे चुकीची आहे आणि तिच्यापायी अनेक मुली वर्षानुवर्षे भीतीत राहतात, म्हणून हे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते.

बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये बाहेरून एखादा शत्रू चाल करून येतो असे नाही. लॅक्टोबॅसिलसची संख्या घटते, आम्लता कमी होते, आणि आधी अल्प प्रमाणात असलेले गार्डनरेला, प्रेव्होटेला यांसारखे, मुख्यतः प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू अनेक पटींनी वाढतात. गार्डनर आणि ड्यूक्स या अमेरिकी संशोधकांनी १९५५ मध्ये एकाच जिवाणूला या विकाराचे कारण मानले होते. पुढे तोच जिवाणू निरोगी स्त्रियांमध्येही सापडू लागला, आणि हा एका जंतूचा रोग नसून साऱ्या वस्तीचाच तोल ढळण्याची अवस्था आहे हे लक्षात आले. नावातही ही जाण उतरली आहे. वैद्यकीय नावांच्या शेवटी ‘आयटिस’ आले की दाह समजावा. येथे दाह जवळजवळ नसतो, म्हणून ‘व्हजायनायटिस’ऐवजी ‘व्हजायनोसिस’ हा शब्द रूढ झाला. त्वचा लाल होत नाही, सूज येत नाही आणि खाज असलीच तर किरकोळ असते. स्राव पातळ, एकसारखा, राखाडी झाक असलेला पांढरा असतो, आणि त्याला शिळ्या मासळीसारखा वास येतो. हा वास अमाइन गटातील संयुगांचा असतो. त्यांतील ट्रायमिथाइल अमाइन हे शिळ्या मासळीतही असतेच, त्यामुळे ही उपमा अगदी शब्दशः खरी आहे. शरीरसंबंधानंतर वास वाढतो, कारण वीर्य अल्कधर्मी असते आणि अल्कधर्मी वातावरणात ही संयुगे हवेत सहज मिसळतात. अनेक स्त्रिया हा वास म्हणजे स्वतःची अस्वच्छता समजतात आणि पतीपासूनही दूर राहू लागतात. त्यांना कोणीतरी हे रसायनशास्त्र आधी सांगायला हवे होते. निम्म्याच्या आसपास स्त्रियांना तर काहीच लक्षणे जाणवत नाहीत.

बुरशीच्या संसर्गाचे चित्र याच्या जवळपास उलट आहे. कँडिडा अल्बिकन्स ही बुरशी कोणताही त्रास न देता सुमारे १० ते २० टक्के स्त्रियांच्या योनिमार्गात राहत असते. परिस्थिती अनुकूल झाली की ती तंतू काढते, अस्तराला चिकटते, आणि शरीर तिच्याविरुद्ध दाहाने उत्तर देते. म्हणून येथे मुख्य तक्रार खाजेची असते. झोप मोडेल अशी खाज, आग, लाली, सूज, कधी त्वचेला बारीक भेगा आणि लघवी करताना बाहेरच्या बाजूला होणारी जळजळ हे सारे दाहाचे परिणाम आहेत. स्राव घट्ट, दह्याच्या चोथ्यासारखा असतो आणि त्याला विशेष वास नसतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे येथे सामू बदलत नाही. आम्लता शाबूत असते, लॅक्टोबॅसिलसही बहुधा जागेवर असतात, आणि तरीही बुरशी वाढते. त्यामुळे ‘आम्लता वाढवली की बरे वाटेल’ या विचाराने केलेले लिंबाचे किंवा व्हिनेगरचे उपाय येथे मुळातच गैरलागू ठरतात, आणि आधीच सोललेल्या त्वचेची आग ते अधिक भडकवतात.

महिन्यातील वेळ हीदेखील एक खूण आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. बुरशीचा त्रास पुष्कळदा पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढतो आणि पाळी सुरू झाली की उतरतो. जिवाणूंच्या असंतुलनाचा त्रास मात्र पाळीच्या सुमारास किंवा ती संपता संपता डोके वर काढतो, कारण रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास असतो आणि त्या दिवसांत योनिमार्गाची आम्लता कमी होते.

कारणांचा विचार करतानाही दोन वाटा वेगळ्या दिसतात. बॅक्टेरियल व्हजायनोसिसचे नेमके पहिले कारण एका शब्दात सांगता येत नाही, परंतु नवा जोडीदार, एकाहून अधिक जोडीदार, निरोध न वापरणे, धूम्रपान, आणि योनिमार्ग आतून धुण्याची सवय यांच्याशी त्याचा संबंध वारंवार दिसून आला आहे. रूढ अर्थाने त्याला गुप्तरोगांत गणले जात नसले तरी शरीरसंबंधाशी त्याचे नाते नाकारता येत नाही. बुरशीच्या बाबतीत कारणे शरीराच्या आतल्या स्थितीशी जोडलेली असतात : घसा किंवा दात यांच्यासाठी घेतलेले अँटिबायोटिक, गर्भारपण, स्टिरॉइड औषधे, प्रतिकारशक्ती कमी होणे, आणि आटोक्यात नसलेला मधुमेह. मधुमेहावर हल्ली बरीच दिली जाणारी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि त्यामुळेही जननेंद्रियांचा बुरशीसंसर्ग वाढतो. बुरशीचा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्यावी, ही सूचना म्हणूनच नेहमी केली जाते.

दोन्हींतील फरक सूक्ष्मदर्शकाखाली जितका स्पष्ट दिसतो तितका शब्दांत सांगता येत नाही. काचपट्टीवर स्रावाचा एक थेंब मिठाच्या द्रावणात मिसळून पाहिला की अस्तराच्या मोठ्या, सपाट पेशी दिसतात. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये या पेशींवर जिवाणूंचा इतका दाट थर बसलेला असतो की पेशीची कडाच हरवते. खसखशीवर थापलेला अनारसा डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे ही पेशी कशी दिसते ते कळेल. इंग्रजीत तिला ‘क्लू सेल’ म्हणतात. बुरशी असेल तर पेशींची कडा स्वच्छ राहते आणि त्यांच्यामधून शेवयांसारखे लांब तंतू गेलेले दिसतात, त्यांना मधूनमधून अंकुर फुटलेले असतात. १९८३ मध्ये आम्सेल या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी बॅक्टेरियल व्हजायनोसिसच्या निदानाचे चार निकष मांडले : पातळ एकसारखा स्राव, ४.५ हून अधिक सामू, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच उठणारा मासळीचा वास, आणि एकूण पेशींपैकी किमान २० टक्के ‘क्लू सेल’. चारांपैकी तीन जुळले तर निदान पक्के धरतात. यांतील सामूची चाचणी रंग बदलणाऱ्या कागदाच्या एका पट्टीवर होते. इतकी स्वस्त आणि सोपी चाचणी सगळीकडे केली जात नाही, याची खंत वाटते.

केवळ लक्षणांवरून घरीच निदान केले तर किती फसगत होते, हे अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. स्वतःला बुरशीचा संसर्ग झाला आहे असे समजून दुकानातून औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा निव्वळ बुरशीचा संसर्ग त्यांच्यापैकी जेमतेम एक तृतीयांश जणींना होता. जवळजवळ १९ टक्के स्त्रियांना बॅक्टेरियल व्हजायनोसिस होता, आणि बुरशीच्या मलमाचा त्यावर काहीही उपयोग होत नाही.

औषधांचा फरक असा की बुरशीवर क्लोट्रिमॅझोलच्या योनिमार्गात ठेवायच्या गोळ्या किंवा फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी देतात, तर बॅक्टेरियल व्हजायनोसिसवर मेट्रोनिडॅझोल सात दिवस किंवा क्लिंडामायसिनचे मलम देतात. ठरवून दिलेले औषध मध्येच सोडू नये. मेट्रोनिडॅझोलनंतर चार-पाच दिवसांनी खाज सुरू झाली तर ‘आजार उलटला’ असे समजून तेच औषध पुन्हा घेण्याची चूक सर्रास होते; प्रत्यक्षात जिवाणू मारले गेल्यावर मोकळ्या जागेत बुरशी वाढलेली असू शकते, आणि तिला वेगळे औषध लागते.

बॅक्टेरियल व्हजायनोसिसची सर्वांत त्रासदायक बाजू म्हणजे त्याचे परत येणे. उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक स्त्रियांना तो पुन्हा होतो. जिवाणू अस्तरावर चिकट थर तयार करतात आणि औषध त्या थराच्या तळापर्यंत पोचत नाही, हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. दुसरे स्पष्टीकरण जोडीदाराशी संबंधित आहे. बरीच वर्षे पुरुषाला औषध देण्याची गरज नाही असेच सांगितले जात होते. मात्र ऑस्ट्रेलियातील एका चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एकाच जोडीदाराबरोबर राहणाऱ्या स्त्रियांच्या पतींना किंवा जोडीदारांनाही सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि लावण्यासाठी क्लिंडामायसिनचे मलम दिले गेले. बारा आठवड्यांत त्या गटातील ३५ टक्के स्त्रियांना आजार परतला, आणि केवळ स्त्रीवरच उपचार झालेल्या गटात ६३ टक्के जणींना. ज्या स्त्रीला ‘तू स्वच्छता पाळत नाहीस’ असे घरात ऐकून घ्यावे लागले, तिच्यासाठी या आकड्यांचा अर्थ फार मोठा आहे. बुरशीच्या संसर्गात मात्र जोडीदाराला लक्षणे नसतील तर त्याच्यावर उपचार करण्याची सहसा गरज नसते.

आतून धुणे, अँटिसेप्टिकचे पाणी, तुरटी, सुगंधी ‘इंटिमेट वॉश’ यांपैकी कशानेही यांतील कोणताही विकार बरा होत नाही. योनिमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतः राखतो. बाहेरची त्वचा साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. दही आत लावण्याचा सल्लाही अनेकदा दिला जातो, पण विरजणातील जिवाणू आणि निरोगी योनिमार्गात वस्तीला असणारा लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस हे वेगळे आहेत. दही खाण्यास अर्थातच हरकत नाही.

महाराष्ट्रात या विषयाला एक वेगळे स्थान आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमधील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक रोगांपैकी किमान एक होता, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. जेथे सूक्ष्मदर्शक किंवा तंत्रज्ञ नाही तेथे सरकारी केंद्रांमध्ये लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत आहे. योनिस्रावासाठीच्या हिरव्या किटमध्ये सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल ही दोन्ही औषधे एकत्र असतात, म्हणजे दोन्ही शक्यता एकदमच गृहीत धरलेल्या असतात. जेथे दुसरा पर्याय नाही तेथे हे योग्यच आहे. शहरातील दुकानातून तेच मिश्रण दर दोन महिन्यांनी आपल्या मनाने घेत राहणे मात्र योग्य नाही.

बॅक्टेरियल व्हजायनोसिस अंगावर काढणे बुरशीच्या तुलनेत अधिक धोक्याचे असते. त्यामुळे एचआयव्हीसह इतर लैंगिक संसर्गांची शक्यता वाढते, आणि गर्भारपणात मुदतपूर्व प्रसूतीशी त्याचा संबंध आढळला आहे. बुरशीने जीव हैराण होतो, पण असे परिणाम सहसा होत नाहीत. गर्भवतीने फ्लुकोनॅझोलची गोळी मात्र आपणहून घेऊ नये, तिला योनिमार्गात वापरायचे औषध देतात. हिरवट पिवळा, फेसाळ स्राव, ओटीपोटात दुखणे, ताप किंवा शरीरसंबंधानंतर रक्त जाणे यांपैकी काही असेल तर या दोहोंपलीकडची कारणे शोधावी लागतात, आणि तेव्हा तपासणी लांबणीवर टाकू नये. तपासणीला जाण्याआधी दोन दिवस आत कोणतेही औषध ठेवू नये, पाळीचे दिवस टाळावेत, आतून धुऊन जाऊ नये, आणि डॉक्टरांनी न विचारताही वास, खाज, स्रावाचा घट्टपणा, त्रास वाढण्याचे दिवस आणि मागच्या महिनाभरात घेतलेली औषधे त्यांना सांगावीत.