क्लॅरेंडन: कोशासाठी घडवलेला, भिंतीवर गाजलेला

शब्दकोश उघडला की नजर आधी जाड अक्षरांवर जाते. पण छापखान्यांकडे ही सोय पहिल्यापासून नव्हती. ओळीतला एखादा शब्द उठून दिसायला हवा असेल, तर तो तिरप्या टाइपात लावत, नाहीतर जाहिरातींसाठी ओतलेला भलताच जाडजूड खिळा, म्हणजे छपाईचं सुटं अक्षर, मध्येच घुसवत. शेजारच्या बारीक अक्षरांशी त्याचं काही जमत नसे. (देवनागरीत तिरपा टाइप फारसा रुजलाच नाही, त्यामुळे आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या व्याख्या ठळकच.)

ही अडचण लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीने, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, १८४५ मध्ये सोडवली. विल्यम थोरोगुडने लॉटरीत लागलेल्या पैशांतून १८२० मध्ये विकत घेतलेली ही फाउंड्री. त्याचा भागीदार रॉबर्ट बेस्ली याने ‘क्लॅरेंडन’ हा ठळक टाइप बाजारात आणला. त्याचे पंच, म्हणजे खिळ्यांचे साचे ज्यांवरून बनतात ती पोलादी अक्षरं, कोरले बेंजामिन फॉक्सने.

त्याआधीच्या ‘इजिप्शियन’ टाइपांत अक्षरांच्या टोकांची पावलं, म्हणजे सेरिफ, विटेसारखी चौकोनी असत आणि उभ्या दांड्याला काटकोनात चिकटलेली. क्लॅरेंडनमध्ये त्या सांध्यात छोटी वळणदार भर आली. जाड-बारीक रेषांतला फरक थोडासाच राहिला, आणि लहान r च्या टोकाला शाईच्या थेंबासारखा गोळा आला. अक्षरं अंगाने जरा चिंचोळी, त्यामुळे जाड असूनही ओळीत मावत. माझ्या मते खरी करामत ही, नुसता काळेपणा नव्हे.

टाइपचं नाव ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसशी जुळणारं. त्याच प्रेसच्या इंग्रजी महाकोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, आणि त्यातले मुख्य शब्द क्लॅरेंडनमध्ये लावलेले होते. इंग्रज मुद्रकांच्या बोलण्यात तर ‘क्लॅरेंडन’ म्हणजे कुठलाही ठळक टाइप, असाच अर्थ रुळला.

बेस्लीने डिझाइनची नोंदणी केली होती, पण संरक्षण मिळालं अवघं तीन वर्षांचं. मुदत सरताच इतर फाउंड्र्यांनी नकला ओतल्या. बेस्ली पुढे लंडनचा लॉर्ड मेयर झाला, तोवर त्याचा टाइप केव्हाच सगळ्यांचा झाला होता. अमेरिकेत तो लाकडी खिळ्यांत उतरला. मोठ्या पोस्टरसाठी शिसं जड आणि महाग, लाकूड हलकं. ‘फ्रेंच क्लॅरेंडन’ म्हणून निघालेल्या प्रकारात तर गणितच उलटं: दांडे बारीक आणि पावलं जाडजूड. काउबॉय चित्रपटांत फरार गुन्हेगाराच्या चित्रावर ‘पाहिजे’ अशी पाटी दिसते, ती साधारण याच वळणाची. मूळ क्लॅरेंडनपासून ती बरीच दूर गेलेली, तरी लोकांच्या डोक्यात क्लॅरेंडन म्हणजे तीच.

विसाव्या शतकात तो पुन्हा सभ्य झाला. १९५३ मध्ये हेर्मान आयडेनबेन्झने स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीसाठी त्याची नवी आवृत्ती काढली. तिच्यातल्या मोठ्या R चा पाय शेवटी लाडिकपणे वर वळतो. फ्रीमन क्रॉने अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी आपला क्लॅरेंडन केला. आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या तपकिरी फलकांवर कित्येक वर्षं हीच अक्षरं होती, पांढऱ्या रंगात, धावत्या गाडीतून वाचता येतील अशी.