चावी आत दाबली की काटा का सरकतो?

चावीचं आणि ऑटोमॅटिक घड्याळ वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी
(भुसावळ)

सर्व्हिसिंग करून नेलेलं घड्याळ दुसऱ्या दिवशी परत काउंटरवर आलं, तर तक्रार बहुधा ठरलेली असते. "भाऊ, काटा बरोबर रेघेवर लावला, चावी आत दाबली अन् तो सरकला. आत काही ढिलं राहिलं का?" शंभरातल्या बहुतेक घड्याळांत काही राहिलेलं नसतं. तरी हे पत्रक जपून ठेवा, कारण काही खोडी घड्याळाच्या स्वभावातल्या असतात आणि एक-दोन खरोखर बिघाडाच्या.

चावी बाहेर ओढली की आतला एक लहान दातेरी गोल सरकतो आणि काटे फिरवणाऱ्या चाकात अडकतो. आत दाबली की तो सुटतो. सुटताना दाताला दात लागतो आणि मिनिटकाटा किंचित हलतो. म्हणून चावी पिळ न देता सरळ आत दाबा. काटा कुठल्या बाजूला आणि किती हलतो ते दोन-तीनदा पाहून ठेवा, मग तेवढं अंतर आधीच सोडून लावा. आठवड्याभरात हात बसतो. काटा दर वेळी वेगळीकडे उडत असेल, किंवा मिनिटाहून जास्त उडत असेल, तर मात्र आम्हाला दाखवा.

दुसरी तक्रार जास्त मजेशीर. सेकंदकाटा पळतोय, पण मिनिटकाटा मिनिटभर जागचा हलत नाही, नंतर आपोआप चालू लागतो. आपल्या जंक्शनवर मालगाडी सुटताना पाहिलीच असेल. इंजिन आधी हलतं, मग डब्यामागून डबा खडखडत ओढला जातो, शेवटचा डबा सगळ्यांत उशिरा. चाकांच्या दातांतही अशी थोडी मोकळीक ठेवावीच लागते, नाहीतर चाकं एकमेकांत आवळून बसतील. काटा मागे फिरवून लावला की ही मोकळीक उलट बाजूला जाते, आणि घड्याळ ती भरून काढेपर्यंत काटा थांबतो. ज्या घड्याळात मिनिटकाट्याला चाल बाजूच्या चाकातून मिळते, त्यात हे ठळक दिसतं. उपाय सोपा: काटा पाच मिनिटं मागे न्या आणि पुढे आणत वेळेवर थांबवा. शेवटची हालचाल पुढचीच हवी.

सेकंद जुळवायचे असतील तर आधी आपलं घड्याळ ओळखा. काहींमध्ये चावी ओढताच सेकंदकाटा थांबतो. तो बारावर आला की ओढा, मिनिटकाटा रेघेवर ठेवा, मोबाइलवर मिनिट बदलताच दाबा. एफएमचं ॲप लावून आकाशवाणीच्या टोल्यांवर जुळवू नका, इंटरनेटवरून आवाज काही सेकंद उशिरा पोचतो. जुन्या बऱ्याच घड्याळांत सेकंदकाटा थांबतच नाही. चावीला हलका उलटा दाब देऊन तो अडवायची युक्ती काही जण सांगतात, पण ती आम्हाला पसंत नाही. वडिलांच्या काळातलं घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट पुढे-मागे असेल तर आम्ही ते निरोगी धरतो. त्यात पाच सेकंदांसाठी कशाला झगडायचं? बंद पडलेल्या घड्याळाला मात्र आधी चावी द्या, मग वेळ लावा.

तारखेच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत काटे असताना चावीच्या मधल्या टप्प्यावरून तारीख बदलू नका. त्या वेळी तारखेचं चाक आतल्या दातात गुंतलेलं असतं, आणि ओढाताणीत तुटतो तो दातच. भिंतीवरच्या घड्याळात काय वाजले ते इथे कामाचं नाही, तुमच्या मनगटावरचे काटे कुठे आहेत ते बघायचं. दिवस की रात्र कळत नसेल तर काटे पुढे फिरवून बाराच्या पार न्या. तारीख बदलली तर ती मध्यरात्र होती. मग काटे सकाळी सहापर्यंत आणा आणि निवांत तारीख लावा. साध्या तारखेचं घड्याळ दर महिना ३१ दिवसांचाच धरतं, म्हणून त्याला हा व्याप वर्षातून पाचदाच: १ मार्च, १ मे, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ डिसेंबरला.

आता बिघाड. काटे फिरवताना चावी अगदी हलकी लागते, सेकंदकाटा व्यवस्थित चालतो, पण संध्याकाळपर्यंत घड्याळ वीस मिनिटं मागे. म्हणजे मिनिटकाट्याची नळी दांड्यावर ढिली झाली आहे. ती आवळावी लागते, घरी करण्यासारखं नाही. उलट घड्याळ अचानक खूप पुढे पळायला लागलं तर बहुधा स्पीकरजवळ किंवा लोहचुंबकाच्या मोबाइल कव्हरजवळ ठेवलं गेलं असतं. चुंबक काढायला आमच्याकडे पाच मिनिटं लागतात. मे महिन्यातल्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ विसरू नका, तेल बिघडतं.

दाखवायला आणाल तेव्हा घड्याळाला चावी देऊन चालतं आणा, आणि किती वाजता लावलं होतं ते कागदावर लिहून आणा. नुसतं पाहून सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही.