पिशवी काढली, पण हाडांचं काय?

‘मुलं झाली, आता पिशवीचं काय काम?’ बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी हे अनेकदा ऐकलेलं असतं. २०१९मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९पैकी १३,८६१ महिलांचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे जवळपास १७ टक्के. देशाचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. फडावर संडास नाही, धुवायला पाणी नाही. अशा ठिकाणी पाळी म्हणजे बुडालेली मजुरी. त्यात पांढरं जायला लागलं की ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ ही भीती घातली जाते. बहुतेक वेळा तो साधा जंतुसंसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो. ही भीती घालणं मला अंगारे-धुपाऱ्यांइतकंच घातक वाटतं.

अनेकदा गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढतात. इस्ट्रोजेन हे हार्मोन मुख्यतः तिथेच तयार होतं आणि हाडांचा हिशेब त्याच्या हाती असतो. हाड सतत मोडत आणि नव्याने बनत असतं. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट नवं घालतात. ‘रँकल’ हे प्रथिन विरघळवणाऱ्या पेशींना कामाला लावतं. ‘ऑस्टिओप्रोटेजेरिन’ हे दुसरं प्रथिन रँकललाच चिकटून त्याला अडवतं. इस्ट्रोजेन हे अडवणारं प्रथिन वाढवतं, शिवाय ऑस्टिओक्लास्टचं आयुष्य कमी करतं. ते अचानक नाहीसं झालं की तोड वाढते, भरणी मागे पडते. सर्वांत आधी झिजतात मणक्यांतली जाळीदार हाडं, आणि मोळी डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईचा सगळा भार त्याच मणक्यांवर असतो.

पुरुषाच्या हाडांनाही मुख्यतः इस्ट्रोजेनच राखतं. ॲरोमॅटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनपासून ते बनवतं आणि त्याचा पुरवठा सावकाश घटतो. त्यामुळे त्याच कोयत्यातल्या नवऱ्याच्या वाट्याला अशी एका दिवसात येणारी रजोनिवृत्ती नसते.

बीजकोश ठेवले तरी ते काही वर्षं आधी थकण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रियेत त्यांचा रक्तपुरवठा घटत असावा, असं मानतात. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या बाईने दवाखान्यातून कागद मागून घ्यावा आणि त्यावर बीजकोश काढले की ठेवले, हे लिहिलेलं आहे ना ते पाहावं. पंचेचाळिशीच्या आत काढले असतील, तर हार्मोनची गोळी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारावं.