गळणारे छत आणि थकलेले छत

पावसात छत गळू लागले की ते बदलण्याचा विषय निघतो आणि पाऊस सरला की तो विषयही वाळून जातो. गळती हे छताच्या दुखण्याचे सर्वांत बोलके लक्षण असले, तरी सर्वांत विश्वासार्ह लक्षण मात्र नव्हे. छताला दोन वेगवेगळी कामे करावी लागतात. एक पाणी अडवण्याचे आणि दुसरे स्वतःचे व वर येणारे वजन पेलण्याचे. पहिल्या कामात कसूर झाली, तर बहुतेक वेळा दुरुस्तीने भागते. पण वजन पेलण्याची ताकदच गेली असेल, तर एक थेंबही न गळणारे छतसुद्धा उतरवावे लागते.

ओल दिसली की ती आली कोठून, हे आधी ठरवावे लागते. पाणी छतात एका ठिकाणी शिरते आणि टपकते भलत्याच ठिकाणी, कारण मधल्या वाटेत ते वाशाच्या अंगाने, सळईलगतच्या फटीतून किंवा विजेच्या तारांच्या नळीतून वाहत जाते. त्यामुळे डाग कोठे पडला यापेक्षा तो कधी वाढतो, हे पाहणे जास्त उपयोगी ठरते. पावसामागोमाग काही तासांत किंवा एखाद्या दिवसात गडद होणारा डाग वरून येणाऱ्या पाण्याचा असतो. कोरड्या दिवसांतही ओला राहणारा डाग बहुधा पाण्याच्या नळाचा किंवा टाकीचा असतो. थंड पहाटे छताच्या मोठ्या भागावर सारखेच बारीक थेंब जमत असतील, तर ते घरातल्याच हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर निवून तयार झालेले पाणी असते. अशा वेळी नवे छत घालूनही ओल जात नाही, हवा खेळती ठेवावी लागते.

उतरत्या छपराचा प्रश्न तुलनेने सोपा असतो, कारण त्याचे आच्छादन आणि सांगाडा वेगवेगळे असून एक ठेवून दुसरे बदलता येते. चांगल्या भाजलेल्या, अखंड कौलावर टिचकी मारली की खणखणीत आवाज येतो. तडकलेले कौल बद्द वाजते. मोजकी कौले फुटली असतील, तर तेवढीच बदलावीत. जेथे हिवाळ्यात पाणी गोठते, तेथे कौलात मुरलेले पाणी बर्फ होताना सुमारे ९ टक्के फुगते आणि कौलाचे पापुद्रे सुटतात. असे पापुद्रे सगळ्या पाखीवर दिसत असतील, तर मात्र एकेक कौल बदलत बसण्यात अर्थ नाही. खरी तपासणी लाकडाची असते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाढण्यासाठी लाकडात साधारण २० टक्क्यांहून अधिक ओलावा लागतो आणि तो सर्वांत जास्त टिकतो तो वाशाचे टोक भिंतीत शिरते तेथे. त्या जागी पेचकसाचे टोक खुपसून थोडे उचकटून पाहावे. निरोगी लाकडाची लांबट चिरफळी निघते, तर कुजलेल्या लाकडाचा आखूड तुकडा आडवा मोडून येतो. बाहेर थोडे लांब उभे राहून आढ्याची रेघ पाहिली आणि ती मध्येच खाली वाकलेली दिसली, तर प्रश्न कौलांचा राहिलेला नसून सांगाड्याचा झालेला आहे.

लोखंडी पत्र्यावरील जस्ताचा थर स्वतः झिजून खालच्या लोखंडाला वाचवतो. पत्र्यावर तांबडा गंज दिसणे म्हणजे तेथले जस्त संपले आहे, असे समजावे. हा गंज फक्त बोल्टच्या भोकांभोवती असेल, तर वॉशर बदलून काम होते. दिवसा आतून पाहिल्यावर पत्र्याला जागोजागी उजेडाचे ठिपके दिसत असतील, तर पत्रेच बदलावेत. डांबरी शिंगल्सच्या छपरावरचे बारीक खडे अतिनील किरणांपासून डांबराचे रक्षण करतात. हे खडे झडून पन्हळीत मोठ्या प्रमाणात जमू लागले आणि शिंगल्सच्या कडा वळू लागल्या, की त्यांचे आयुष्य संपत आले आहे असे धरावे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याचे तंतू श्वासावाटे फुफ्फुसात जाणे घातक असल्याने असे पत्रे स्वतः फोडू, घासू किंवा कापू नयेत. ते प्रशिक्षित माणसांकडूनच उतरवून घ्यावेत.

काँक्रीटच्या स्लॅबची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यात सांगाडा आतच दडलेला असतो. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण, म्हणजे ओढ, सोसण्याची त्याची ताकद मात्र दाबाच्या सुमारे एक दशांश एवढीच असते. खोलीवरचा स्लॅब वजनाने किंचित वाकतो, तेव्हा मधल्या भागात त्याच्या खालच्या अंगाला ताण पडतो आणि तो पेलण्यासाठी तेथे पोलादी सळया घातलेल्या असतात. ताज्या काँक्रीटचा सामू (pH) १२.५ ते १३.५ इतका, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो. अशा परिस्थितीत सळईवर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर तयार होतो आणि तो गंज रोखून धरतो. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो, तेथील कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे कॅल्शियम कार्बोनेट करतो आणि सामू ९ च्या आसपास उतरवतो. याला कार्बोनेशन म्हणतात. ते सळईपर्यंत पोहोचले की संरक्षक थर टिकत नाही आणि मग पाणी व प्राणवायू मिळताच सळई गंजू लागते. समुद्राकडील खाऱ्या हवेतून किंवा न धुतलेल्या खाऱ्या वाळूतून आलेले क्लोराइड तर सामू न उतरताही हा थर भेदू शकते.

कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, आणि छताचे आयुष्य ठरवणारे बरेच काही या एका नियमात आहे. एखाद्या काँक्रीटमध्ये ते १० वर्षांत १० मिलिमीटर आत गेले असेल, तर २० मिलिमीटर जाण्यास सुमारे ४० वर्षे लागतील. याचाच अर्थ, स्लॅब ओतताना सळयांखाली ठोकळे ठेवण्यात हयगय झाली आणि काँक्रीटचे आवरण निम्मेच राहिले, तर संरक्षणाचा काळ निम्म्यावर नव्हे, तर चौथाईवर येतो. शेजारशेजारच्या, एकाच वर्षी बांधलेल्या दोन घरांपैकी एकाचे छत ठणठणीत आणि दुसऱ्याचे जर्जर का असते, याचे उत्तर पुष्कळदा एवढ्याशा ठोकळ्यांत सापडते. छताचे नुसते वय सांगून निर्णय मागणाऱ्यांना म्हणूनच नेमके उत्तर देता येत नाही.

गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो. त्याच्या रेट्याने काँक्रीट आतून फुटते. प्रथम सळईच्या रेषेत सरळ भेग पडते, तिच्या कडेने तपकिरी ओघळ दिसतात, मग भाग फुगतो आणि शेवटी खपली पडून सळई उघडी होते. गिलाव्यावर पसरलेल्या केसासारख्या वेड्यावाकड्या भेगा आणि ठरावीक अंतरावर एकमेकींना समांतर जाणाऱ्या भेगा यांतला फरक ओळखता आला पाहिजे. पहिल्या बहुधा गिलावा आक्रसल्याच्या असतात. दुसऱ्या आतल्या सळयांचा नकाशा दाखवतात. पांढरे ओघळ पाणी काँक्रीटमधून झिरपल्याची खूण आहे, गंजाची नव्हे. सळई किती गेली, हे मात्र डोळ्यांना फसवते. १२ मिलिमीटरची सळई सभोवार फक्त एक मिलिमीटर झिजून १० मिलिमीटरची झाली, तरी तिच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३१ टक्के घटलेले असते. म्हणून उघड्या सळईवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून, उरलेला व्यास कॅलिपरने मोजल्याशिवाय पुढचा निर्णय घेऊ नये.

हातोडीने हलके ठोकून बद्द वाजणारे भाग खडूने आखले, तर बिघाड किती पसरला आहे याचे चित्र समोर येते. पुढच्या चाचण्या अभियंत्यांनी करायच्या असतात. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारले की अल्कधर्मी भाग गुलाबी होतो आणि कार्बोनेशन झालेला भाग रंगहीन राहतो. गुलाबी सीमा सळईच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते तेथल्या तेथे दिसते. काँक्रीटची ताकद अजमावण्यासाठी रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणारी हातोडी) व श्राव्यातीत ध्वनितरंगांची चाचणी करतात आणि खात्रीसाठी नमुना कापून दाबयंत्रात फोडतात. सळईच्या विद्युत विभवाच्या मापनात तांबे-कॉपर सल्फेट या प्रमाण विद्युतअग्राच्या (इलेक्ट्रोडच्या) तुलनेत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही खालचे आकडे आले, तर तेथे गंजण्याची क्रिया चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात.

आता दुरुस्तीचा मोह. खपली पडलेला तुकडा फोडून नवे मिश्रण भरले, की एक-दोन वर्षांत त्या चौकोनाच्या कडेलाच पुन्हा भेगा दिसतात आणि दोष कारागिराच्या माथी मारला जातो. कारण पुष्कळदा विद्युत-रासायनिक असते. गंजणारी जागा धनाग्र (अ‍ॅनोड) म्हणून झिजत असताना शेजारच्या सळईला ऋणाग्र (कॅथोड) बनवून वाचवत होती. ती दुरुस्त झाल्यावर हे संरक्षण संपते आणि शेजारच्या काँक्रीटमध्ये क्लोराइड मुरलेले असेल, तर गंज तेथे सरकतो. त्यामुळे क्लोराइड सर्वदूर पसरलेल्या स्लॅबची तुकड्यातुकड्यांची डागडुजी खर्चाला संपू देत नाही. वरून दर काही वर्षांनी जलरोधक कोबा चढवणे तर त्याहून वाईट. विटांच्या तुकड्यांच्या कोब्याचा १० सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला १८० ते २०० किलोग्रॅम वजन वाढवतो आणि हे वजन मूळ हिशेबात धरलेले नसते.

बिघाड थोडक्या जागेत असेल, सळयांचा व्यास बराचसा शाबूत असेल आणि काँक्रीट ताकदीत उतरत असेल, तर दुरुस्ती करावी. बद्द वाजणारा भाग जवळजवळ सर्वत्र पसरला असेल, मुख्य सळयांचे छेद ठिकठिकाणी घटले असतील किंवा स्लॅबला मूळचा नसलेला झोळ आला असेल, तर नवा स्लॅब घालण्याचाच विचार करावा. झोळाचा अंदाज ताणलेल्या दोरीने घेता येतो. एकूण वाक लांबीच्या १/२५० पेक्षा जास्त नसावा, असा संकेत आहे. म्हणजे ४ मीटरच्या खोलीत १६ मिलिमीटर. झोळात पाणी साचते, त्याच्या वजनाने झोळ वाढतो आणि आणखी पाणी साचते. १० चौरस मीटरवर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ५०० किलोग्रॅम.

छज्जा किंवा भिंतीबाहेर काढलेली गॅलरी यांना मात्र हे सगळे तसेच्या तसे लावू नये. एका टोकाला धरलेल्या स्लॅबमध्ये ताण वरच्या अंगाला पडतो आणि मुख्य सळया वरच असतात, जेथे पाणी सर्वांत आधी मुरते. खालून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही आणि असे छज्जे फारशी पूर्वसूचना न देता कोसळू शकतात. म्हणून त्यांची तपासणी वरून, भिंतीच्या मुळाशी करावी, आणि तेथे भिंतीला समांतर भेग आढळली, तर वरचा वावर व खालची ये-जा दोन्ही थांबवून, अभियंत्याच्या देखरेखीखाली टेकू देऊन मगच पुढच्या चाचण्या कराव्यात.