कमाई चाचणी (अमेरिकी सोशल सिक्युरिटी)

अमेरिकेत सोशल सिक्युरिटी या सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेचे निवृत्तिवेतन (पुढे नुसते 'वेतन') सुरू केल्यावरही जो नोकरी-धंदा चालू ठेवतो, त्याची कमाई ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की वेतनाचा काही भाग रोखून धरण्याचा नियम. तिकडे याला सर्रास 'अर्निंग्ज टेस्ट' म्हणतात. पूर्ण निवृत्तिवय, म्हणजे कपातीशिवाय वेतन मिळण्याचे वय, गाठेपर्यंतच तो लागू असतो. त्या महिन्यापासून पुढे कितीही कमावले तरी एक डॉलरही अडकत नाही. ही मोकळीक २००० सालच्या 'सीनिअर सिटिझन्स फ्रीडम टू वर्क ॲक्ट'ने दिली. पूर्ण निवृत्तिवय १९४३ ते १९५४ मध्ये जन्मलेल्यांसाठी ६६ आहे. पुढे ते दोन-दोन महिन्यांनी वाढत जाते आणि १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी ६७ होते. वेतन मात्र ६२ पासून, कमी दराने, घेता येते. सगळा घोळ या मधल्या वर्षांतला.

नियमाचे मूळ १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात आहे. महामंदीचे दिवस होते. वयस्कांनी जागा सोडाव्यात आणि तरुणांना काम मिळावे, हा हिशेब उघड होता. म्हणून नियमित नोकरी केलेल्या महिन्याचे वेतनच द्यायचे नाही, असे ठरले. १९३९ मध्ये महिन्याला १५ डॉलरपेक्षा कमी कमाईची मुभा मिळाली. नंतर प्रत्येक दुरुस्तीने गाठ थोडी सैल केली: १९५० मध्ये ७५ वर्षांवरचे सुटले, १९५४ च्या कायद्याने ७२ वरचे, १९८३ पासून ७० वरचे. १९६० मध्ये 'दोन डॉलर जास्त कमावले तर एक रोखायचा' हे प्रमाण आले. १९९० पासून ६५ ते ६९ वयोगटासाठी ते तिनास एक झाले. २००० साली या गटाची वार्षिक मर्यादा १७,००० डॉलर होती.

ही मर्यादा हटवणारे टेक्सासचे प्रतिनिधी सॅम जॉन्सन यांचे विधेयक प्रतिनिधिगृहात ४२२ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये १०० विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाले. ७ एप्रिल २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही केली आणि अंमल १ जानेवारीपासून मागे नेला. याच कायद्यात पूर्ण निवृत्तिवयानंतर वेतन स्वेच्छेने स्थगित ठेवण्याची सोय होती, आणि तिचा उपयोग कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात नसावा असा झाला: नवऱ्याने अर्ज करायचा, लगेच आपले वेतन थांबवून ते ७० पर्यंत वर्षाला ८ टक्क्यांनी वाढू द्यायचे, आणि त्याच्या खात्यावर बायकोने जोडीदार म्हणून मिळणारे वेतन घेत राहायचे. ही पळवाट २०१५ च्या अर्थसंकल्पी कायद्याने बुजवली. ३० एप्रिल २०१६ पासून केलेल्या स्थगितीत कुटुंबीयांचे वेतनही थांबते.

हिशेब असा. २०२५ साठी मर्यादा २३,४०० डॉलर होती. वरच्या प्रत्येक दोन डॉलरमागे एक रोखला जातो. ज्या वर्षी पूर्ण निवृत्तिवय येते त्या वर्षी मर्यादा जास्त (२०२५ मध्ये ६२,१६० डॉलर) आणि प्रमाण तिनास एक. शिवाय तो महिना उजाडण्याआधीचीच कमाई धरतात. मर्यादा देशातल्या सरासरी मजुरीच्या वाढीप्रमाणे बदलते. मोजली जाते ती नोकरीतली ढोबळ मजुरी, कर कापण्याआधीची, आणि स्वतःच्या धंद्याचा निव्वळ नफा. व्याज, लाभांश, शेअरविक्रीचा नफा, खासगी पेन्शन यांचा संबंध नाही. निवृत्तीनंतर हाती आलेला जुन्या कामाचा बोनस किंवा साठलेल्या रजेचा पगारही वगळला जातो, पण तो आपसूक नाही: मालकाकडून एसएसए-१३१ हा फॉर्म जावा लागतो. तो राहून गेला की डब्ल्यू-२ या वार्षिक पगारपत्रकावरचा मोठा आकडा बघून सोशल सिक्युरिटीचे कार्यालय सरळ रक्कम रोखते.

६७ व्या वर्षी २,००० डॉलर मिळाले असते अशा माणसाने पूर्ण ६० महिने आधी वेतन सुरू केले, तर ३० टक्के कपात होऊन १,४०० हाती येतात. ६३ व्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, त्याने ३३,४०० कमावले. जास्तीचे १०,०००, म्हणून रोखायचे ५,०००. ही वजावट दरमहा थोडी थोडी होत नाही. जानेवारीपासून सबंध महिन्यांचे वेतन बंद ठेवतात. इथे चार महिने, म्हणजे ५,६०० डॉलर जातात आणि वरचे ६०० पुढच्या वर्षी परत येतात. जानेवारी ते एप्रिल खात्यात काहीच न दिसल्याने माणसे घाबरतात, ते यामुळे.

हे चार महिने वाया जात नाहीत. ६७ पूर्ण झाल्यावर कपात ६० ऐवजी ५६ महिन्यांची धरून वेतन नव्याने काढतात: महागाईवाढ बाजूला ठेवली तर सुमारे १,४३३ डॉलर. दरमहा ३३ डॉलर जास्त, म्हणजे ५,००० भरून यायला साडेबारा वर्षे, वय साडेएकोणऐंशी. म्हणून याला कर म्हणणे चूक आहे. हा दीर्घायुष्यावर लावलेला पैसा आहे. तरी बहुतेकांना तो दंडच वाटतो आणि मर्यादा जवळ आली की ते कामाचे तास कमी करतात.

वर्षाच्या मध्यात निवृत्त होणाऱ्याला पहिल्या वर्षापुरता महिन्याचा निकष मिळतो. आधीच्या महिन्यांत लाखभर डॉलर कमावले असले तरी पुढे ज्या महिन्यात मजुरी १,९५० डॉलरपेक्षा (२०२५) जास्त नाही आणि स्वतःच्या धंद्यात भरीव काम नाही, त्या महिन्याचे पूर्ण वेतन मिळते. धंद्यात ४५ तासांपेक्षा जास्त काम सहसा भरीव धरतात.

सर्वांत जास्त त्रास होतो तो अंदाज चुकल्याने. कमाईचा आकडा वर्षाच्या सुरुवातीला माणसानेच कळवायचा असतो. ओव्हरटाइम वाढला आणि कळवले नाही, तर पुढच्या वर्षी जादा दिलेल्या रकमेच्या वसुलीची नोटीस येते. चूक आपली नसेल आणि परतफेड झेपत नसेल, तर एसएसए-६३२ भरून माफी मागता येते. आणखी एक बारकावा: खातेदाराच्या जास्त कमाईमुळे त्याच्या खात्यावर वेतन घेणाऱ्या बायको-मुलांचेही पैसे अडकतात, बायकोच्या कमाईने मात्र फक्त तिचेच.

अमेरिकेत नोकरी करून पुण्या-मुंबईला परतलेल्यांना वेगळीच चाचणी लागू होते, आणि ती जास्त कडक आहे. पूर्ण निवृत्तिवयाआधी, अमेरिकी सोशल सिक्युरिटीचा कर न लागणारे काम परदेशात महिन्याला ४५ तासांपेक्षा जास्त केले, की त्या महिन्याचे सगळे वेतन जाते; पगार पाच हजार रुपये असो की पाच लाख. इथल्या बहुतेक नोकऱ्यांना हा अमेरिकी कर लागत नसल्याने त्या यातच मोडतात. धंद्याचे मालक किंवा भागीदार असणे हेही काम समजले जाते, प्रत्यक्ष गल्ल्यावर बसत नसाल आणि नफ्यातला पैसाही घेत नसाल तरी. भावाच्या कारखान्यात नावापुरती भागीदारी ठेवलेल्यांनी हे वेतन सुरू करण्याआधीच पाहावे. परदेशातल्या कामाची माहिती एसएसए-७१६३ या फॉर्मवर द्यायची असते.