क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणजे किडनी ठीक?

‘क्रिएटिनिन नॉर्मल आलं की किडनीची काळजी नको,’ असा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. क्रिएटिनिन म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा. पॉलिसिस्टिक किडनी (किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या घरात हा दिलासा महागात पडतो.

पाण्याच्या गाठी वाढत असताना उरलेल्या निरोगी गाळण्या जास्तीचं काम उचलतात. म्हणून किडनी दुप्पट फुगली तरी क्रिएटिनिन अनेक वर्षं हलत नाही. बीपी मात्र बहुधा आधीच वाढतं. यकृतही गाठींनी मोठं होतं, तरी एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) बहुतेकदा नॉर्मलच.

पडताळायचं कसं? आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर प्रत्येक मुलाला 50 टक्के शक्यता. 15 ते 39 वयात सोनोग्राफीत दोन्ही किडन्या मिळून किमान 3 गाठी दिसल्या, तर निदान पक्कं. विशीत सोनोग्राफी स्वच्छ आली तरी निर्धास्त होऊ नये, पुढे पुन्हा करावी. बीपी घरी, पाच मिनिटं शांत बसून मोजा. लोकलमधून उतरून जिना चढल्यावरचा आकडा धरू नका.

आणि हे भावंडांना जरूर सांगा. परळच्या ओपीडीत बाकावर शेजारी बसलेल्यांशीही बोला: कोणती पेनकिलर डॉक्टरांना न विचारता घ्यायची नाही, पोट जड झाल्यावर थोडं थोडं कसं खायचं, हे तिथे नेमकं कळतं.