तीच मतं, वेगळ्या जागा

१ सप्टेंबर २०२४, रविवार. जर्मनीतल्या सॅक्सनी राज्यात विधानसभेसाठी मतदान झालं. तिथे विधानसभेला 'लांटाग' म्हणतात आणि त्या वेळी तिच्या जागा होत्या १२०. मोजणी संपल्यावर निवडणूक अधिकाऱ्यांनी जागांचा तक्ता जाहीर केला: उजवीकडे झुकलेला सीडीयू पक्ष ४२, अतिउजवा एएफडी ४१, डावीकडे झुकलेला एसपीडी ९, ग्रीन पक्ष ६, उरलेल्या इतरांच्या. सोमवारी दुरुस्त केलेला तक्ता आला. त्यात सीडीयू ४१, एएफडी ४०, एसपीडी १० आणि ग्रीन ७. मधल्या वेळात कुठे फेरमोजणी झाली नव्हती की कुठली राहिलेली पेटी सापडली नव्हती. मतं तीच होती. चुकला होता भागाकार.

सॉफ्टवेअरमध्ये दोष होता, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर दोष नेमका कुठे होता तेही दिसतं. सॅक्सनीने त्या निवडणुकीपासून जागावाटपाचं सूत्र बदललं होतं, आणि पहिल्या तक्त्यातले आकडे जुन्या सूत्राने येणाऱ्या आकड्यांशी तंतोतंत जुळतात.

दोन जागांची हालचाल, त्यात एवढं काय? पण एएफडीसाठी ४१ आणि ४० यांत मोठी दरी होती. राज्यघटना बदलायला किंवा राज्याच्या घटनात्मक न्यायालयात न्यायाधीश निवडायला दोन तृतीयांश, म्हणजे ८० मतं लागतात. ४१ आमदार हाताशी असले तर एकटा पक्ष हे सगळं अडवून धरू शकतो. ४० असतील तर नाही. रात्री हातात आलेला नकाराधिकार सोमवारी गेला.

आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण आपल्याकडे मतदारसंघात ज्याला जास्त मतं तो आमदार, विषय संपला. जर्मनीत मतदारसंघ बहुतेक राज्यांत असतात, पण कुठल्या पक्षाचे एकूण किती आमदार हे राज्यभरातल्या मतांच्या प्रमाणात ठरतं. आणि प्रमाण म्हटलं की अपूर्णांक आलाच. २८.५४ आमदार सभागृहात बसवता येत नाहीत. त्या ०.५४ चं काय करायचं, एवढ्या एका प्रश्नावर दोनशेहून जास्त वर्षं डोकेफोड चालू आहे.

हे जवळून पाहायला सॅक्सनीपेक्षा झारलांड बरं. फ्रान्सच्या सीमेवरचं छोटं राज्य, लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास, विधानसभेत ५१ जागा. २७ मार्च २०२२ च्या निवडणुकीत तिथे तीनच पक्ष सभागृहात पोहोचले. एसपीडीला साधारण १,९६,८०० मतं, सीडीयूला १,२९,१५०, एएफडीला २५,७००. तिघांची बेरीज ३,५१,६५०. तिला ५१ ने भागलं की एका जागेचा सरासरी भाव निघतो: ६,८९५ मतं. या भावाने एसपीडीच्या वाट्याला २८.५४ जागा येतात, सीडीयूच्या १८.७३ आणि एएफडीच्या ३.७३. पूर्णांक तेवढे ठेवले तर २८, १८ आणि ३, म्हणजे ४९. दोन जागा उरल्या. त्या कुणाला?

झारलांडमध्ये डॉन्ट पद्धत चालते. (बेल्जियमचे कायदेपंडित व्हिक्टर डॉन्ट यांनी ती १८७८ मध्ये मांडली, इंग्रजीतल्या नकाराशी संबंध नाही.) तिचा दंडक असा, की अपूर्णांकाला काही मिळणार नाही, पूर्ण भाव मोजाल तेवढ्याच जागा घ्या. सगळ्या जागा खपत नसतील तर भाव उतरवा. भाव ६,७०० वर आणला की एसपीडीचे होतात २९.३७, सीडीयूचे १९.२८, एएफडीचे ३.८४. दशांश चिन्हापुढचं खोडा: २९, १९ आणि ३. बेरीज ५१. हाच त्या निवडणुकीचा अधिकृत निकाल.

एएफडीकडे बघा. ३.८४ पर्यंत येऊनही हातात तीनच. आणि एसपीडीचा अपूर्णांक मुळात तिघांत सर्वांत लहान होता, तरी उरलेल्या दोनांतली एक जागा तिनेच नेली. यात लबाडी नाही, टक्केवारीचा गुण आहे. भाव तीन टक्क्यांनी उतरला की ज्याच्या खात्यात २८ जागा आहेत त्याला जवळजवळ एक जागा जास्त परवडते, आणि ज्याच्या खात्यात तीन आहेत त्याला जागेचा दहावा हिस्सासुद्धा नाही. सूट सर्वांना सारखी, पण फायदा घाऊक गिऱ्हाइकाचा. म्हणून डॉन्ट पद्धत मोठ्या पक्षांना धार्जिणी म्हणून ओळखली जाते.

दुसरी पद्धत फ्रेंच गणिती आंद्रे सँत-लाग्यू यांची, १९१० सालची. तिथे अपूर्णांक अर्ध्याच्या वर असेल तर वरचा पूर्णांक, खाली असेल तर खालचा, शाळेत शिकलो तसंच. बेरीज जुळेना तर भाव थोडा इकडेतिकडे करायचा. झारलांडची मतं या चाळणीतून काढा. भाव ६,९५० धरला तर २८.३२, १८.५८ आणि ३.७० येतात, म्हणजे २८, १९ आणि ४. बेरीज पुन्हा ५१, पण एक जागा एसपीडीकडून एएफडीकडे गेली. सॅक्सनीने २०२४ पासून हीच पद्धत घेतली, आणि म्हणूनच तिथे दुरुस्तीनंतर दोन्ही मोठ्या पक्षांची एकेक जागा कमी होऊन दोन छोट्यांना मिळाली.

गंमत म्हणजे या दोन्ही युक्त्या त्याआधीच अमेरिकेत निघाल्या होत्या, पक्षांसाठी नव्हे तर राज्यांमध्ये खासदार वाटण्यासाठी. डॉन्टचं गणित थॉमस जेफरसन यांनी १७९२ मध्येच केलं होतं आणि सँत-लाग्यूंचं डॅनियल वेबस्टर यांनी १८३२ मध्ये. अमेरिकेच्या अध्यक्षाने वापरलेला पहिलावहिला नकाराधिकारही याच भांडणातला आहे: १७९२ मध्ये वॉशिंग्टन यांनी जागावाटपाचं विधेयक परत पाठवलं. ते विधेयक तेव्हाचे अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पद्धतीवर बेतलेलं होतं. आधी पूर्णांक द्या, मग उरलेल्या जागा ज्यांचे अपूर्णांक सर्वांत मोठे त्यांना द्या.

ऐकायला हीच पद्धत सगळ्यांत सरळ वाटते. पुढे ती अमेरिकेत लागू झाली आणि १८८० च्या जनगणनेनंतर तिचं बिंग फुटलं. सभागृह किती मोठं करावं यासाठी वेगवेगळे आकडे घालून गणितं केली जात होती. २९९ जागांचं सभागृह धरलं तर अलाबामाला ८ जागा मिळत होत्या; ३०० धरलं तर ७! सभागृह वाढलं आणि राज्याची जागा घटली. 'अलाबामा विरोधाभास' हे नाव तिथून पडलं. मग निर्दोष पद्धत आहे तरी का? मिशेल बालिन्स्की आणि पेटन यंग यांनी १९८२ मध्ये सिद्ध केलं की नाही. असले विरोधाभास टाळायचे आणि शिवाय प्रत्येकाला त्याच्या खऱ्या वाट्याच्या लगतचाच वरचा किंवा खालचा पूर्णांक मिळेल अशी हमीही द्यायची, ही दोन्ही व्रतं एकाच पद्धतीला पाळता येत नाहीत.

तरीही माझ्या मते सूत्रांवरून जेवढा वाद होतो तेवढी त्यांची ताकद नाही. त्यांच्यामुळे एखाद-दुसरी जागा हलते. खरी उलथापालथ करतो तो पाच टक्क्यांचा उंबरठा. राज्यात पाच टक्के मतं मिळाली नाहीत तर पक्षाला वाटपातच घेत नाहीत. विधानसभेचे तुकडे तुकडे होऊ नयेत हा हेतू. (सॅक्सनीत एक पळवाट आहे: दोन मतदारसंघ थेट जिंका, उंबरठा माफ. साडेचार टक्केच मतं मिळालेला डावा पक्ष २०२४ मध्ये तिथूनच आत आला.)

झारलांडमध्ये अशी पळवाट नव्हती. साडेचार लाखांहून थोडी जास्त वैध मतं पडली होती. पाच टक्के गाठायला २२,६२१ हवी होती. ग्रीन पक्षाला मिळाली २२,५९८. तेवीस मतं कमी! टक्केवारीत ४.९९५. दूरचित्रवाणीवर दशांशाचं एकच स्थळ दाखवतात, त्यामुळे पडद्यावर आकडा '५.०' दिसतो आणि पक्ष बाहेर असतो. मुक्त लोकशाहीवादी एफडीपी ४.८ वर अडकली. अशी सगळी मिळून २२.३ टक्के मतं वाटपातून बाद झाली, आणि ४३.५ टक्के मतं मिळवणाऱ्या एसपीडीला ५१ पैकी २९ जागा, म्हणजे जवळजवळ ५७ टक्के. एकहाती बहुमत.

ती तेवीस मतं मिळाली असती तर? करून पाहू. चार पक्ष, भाव ७,१०० : एसपीडी २७.७, सीडीयू १८.२, एएफडी ३.६, ग्रीन ३.२. दशांश खोडून २७, १८, ३ आणि ३, बेरीज ५१. तेवीस माणसांच्या वाकड्या वाटेने तीन आमदार आले असते, दोन एसपीडीचे आणि एक सीडीयूचा घरी बसला असता. बहुमताला लागतात २६, त्यामुळे एसपीडीच्या नेत्या आन्के रेलिंगर यांचं सरकार मात्र त्या परिस्थितीतही एकट्या एसपीडीचंच झालं असतं.

सॅक्सनीतही शेवटी तसंच काहीसं झालं. डिसेंबर २०२४ मध्ये मिखाएल क्रेट्श्मर पुन्हा मुख्यमंत्री झाले, सीडीयू आणि एसपीडी यांच्या अल्पमतातल्या सरकारचे. दुरुस्त तक्त्याप्रमाणे ४१ आणि १०, मिळून ५१. चुकलेल्या तक्त्याप्रमाणे ४२ आणि ९. मिळून ५१.